दसऱ्याच्या तारखेची पत्रं

पितृपक्षात लोक कावळ्याला जेवायला बोलावतात. मी कॉम्प्युटर आणला.

त्याला इलाज नव्हता. गणपतीचं विसर्जन झालं आणि त्याच आठवड्यात माझ्या जुन्या कॉम्प्युटरनंही डोळे मिटले. तिसगावात कॉम्प्युटर मिळण्याचं ठिकाण एकच, गहिनीनाथचं दुकान. तिथे मोबाईलची कव्हरं, आधारच्या प्रती, शेतातले कॅमेरे आणि मागच्या बाजूला शेळ्यांचं खाद्यही मिळतं. पंधरवड्यात कोणी नवीन वस्तू घेत नाही म्हणून गहिनीनाथ काउंटरवर हनुवटी टेकवून बसला होता. "सर, माशी येत न्हाई दुकानात," तो म्हणाला, "तुमी आलात, मला तर पितर पावले." या वाक्याचा नेमका अर्थ काय, हे मी विचारलं नाही. त्यानं भाव कमी केला आणि मी मान हलवली.

मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मुहूर्तबिहूर्त मानत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन या विषयावर मी एकदा ग्रामपंचायतीच्या सभागृहात भाषणही दिलं आहे. तेव्हा वीज गेली होती आणि माणसं पंख्यासाठी आली असल्यामुळे उठून गेली, पण भाषण मी पूर्ण केलं.

तर, घाई का होती ते सांगतो. माझं लग्न राहून गेलं आहे. का राहिलं, ते सांगत बसत नाही. ज्यांचं झालं त्यांना तरी ते का झालं हे कुठे सांगता येतं. गेल्या वर्षी नगरला उशिराच्या लग्नांचा एक मेळावा होता. एकेकानं मंचावर जाऊन स्वतःची ओळख करून द्यायची, अशी पद्धत. मी माईक काढून घेईपर्यंत बोललो. माझ्यानंतर एक बाई उठल्या, म्हणाल्या, "मी पंकजा. सोनईला पतसंस्थेत असते. फार बोलत नाही." आणि खाली बसल्या. जेवणाच्या रांगेत त्यांनी माझा मेलचा पत्ता मागितला. त्यांचा फोन दिवसा पतसंस्थेच्या ड्रॉवरमध्ये आणि संध्याकाळी भाच्याच्या हातात असतो, म्हणून पतसंस्थेच्या कॉम्प्युटरवरचा मेल बरा.

तेव्हापासून आमची पत्रं चालू झाली. प्रेमपत्रं म्हणावीत तर त्यात कांद्याचा भाव असायचा. सोनईत पाऊस किती, तिसगावात किती, मिरीचा रस्ता खचला की नाही, असं सगळं. पण घरात एकच माणूस असला की कांद्याचा भावसुद्धा कुणीतरी आपल्याला सांगितला, याचं अप्रूप वाटतं. मला तो गावातल्या बाजारात रोज ऐकू येत होता. तरी मी त्यांच्या पत्रातूनच तो खरा मानायचो.

आणि पितृपक्ष लागता लागता त्यांचं हे पत्र आलं: "पतसंस्थेत बदल्या निघाल्या आहेत. मला तिसगाव किंवा नाशिक मागता येईल. घटस्थापनेला साहेबांना कळवायचं आहे. तुम्हाला काय वाटतं?"

हे पत्र मी स्टाफरूममध्ये मोबाईलवर वाचलं आणि तासाला जायचं विसरलो. तिथल्या तिथे उत्तर देता आलं असतं. पण असलं उत्तर अंगठ्यानं लिहायचं नसतं, असं माझं मत आहे. त्यासाठी टेबल, खुर्ची आणि मोठा पडदा पाहिजे. म्हणून कॉम्प्युटर.

गहिनीनाथनं खोकी आणून ठेवली, आणि ती उघडायच्या आत शेजारच्या रंगुबाई दारात उभ्या. रंगुबाई माझ्याहून मोठ्या आहेत आणि माझ्या घरात काय येतं नि काय जातं यावर त्यांची नजर असते. जात काहीच नाही, त्यामुळे येणाऱ्यावर जास्त.

"सर, पित्तरपाटात नवी वस्तू? शिकलेलं मानूस तुमी."

"मावशी, यंत्र आहे ते. त्याला पितर नसतात."

"त्याला नसत्यात. तुमाला हायेत."

एवढ्यात आप्पासाहेब आले. ते निवृत्त तलाठी आहेत. गावातल्या कुठल्याही वादात ते मध्यस्थी करतात आणि वाद वाढतो. त्यांनी रंगुबाईंचं ऐकलं, माझं ऐकलं, खोक्याला हात लावून बघितला आणि निकाल दिला. "मावशीचंबी बरोबर, सरांचंबी बरोबर. आता मला सांगा, ह्या पेटीच्या आत घड्याळ असतंय का न्हाई?"

"असतं की," गहिनीनाथ म्हणाला.

"मग ते पुढं करा. दसरा लावा. दुपारचा विजय मुहूर्त. पेटीला दसरा वाटला म्हंजे झालं. आमी न्हाई का, फेरफाराला मागली तारीख टाकायचो? कागद चालला, जमीन चालली, कुनाचं काय आडलं न्हाई."

मी हसलो. निषेध म्हणून काही वाक्यं बोललोही. पण खरं सांगायचं तर, पंकजाबाईंच्या उत्तराच्या बाबतीत मला कसलीच जोखीम नको होती. विज्ञानाला माझी बाजू घ्यायला इतर अनेक प्रसंग होते. गहिनीनाथनं घड्याळाची आपोआपची सोय बंद केली आणि कॉम्प्युटरला दसऱ्याच्या दिवशी दुपारी जागं केलं. आप्पासाहेबांनी नारळ फोडला. रंगुबाईंनी कुंकू कालवलं आणि पडद्याच्या मधोमध स्वस्तिक काढायला निघाल्या.

"मावशी, मधे नको. मला अक्षरं दिसायला पाहिजेत."

"मंग कोपऱ्यात काढते. पन पुसायचं न्हाई हां घट बसेपतूर. मी येऊन बघनार."

त्यांनी उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात ठसठशीत स्वस्तिक काढलं. कॉम्प्युटर वापरणाऱ्याला ठाऊक असेल, की तारीख आणि वेळ नेमकी त्याच कोपऱ्यात असते. मलाही ठाऊक होतं. नारळ फुटल्यावर घड्याळ मागे घ्यायचं असंही ठरलं होतं. पण चहा झाला, आप्पासाहेबांनी एका सातबाऱ्याची गोष्ट सांगितली, गहिनीनाथला शेळ्यांच्या खाद्याचं गिऱ्हाईक आलं, आणि जो तो आपापल्या काळात परत गेला. माझा कॉम्प्युटर तेवढा पुढे राहिला.

त्या संध्याकाळी मी उत्तर लिहायला बसलो. पहिला खर्डा फार लांब झाला, दुसरा फार कोरडा, तिसऱ्यात एक कवितेची ओळ आली ती मीच लाजून काढली. शेवटी जो गेला त्यात तिसगावची हवा, पाण्याची परिस्थिती, बाजाराचा दिवस, पाथर्डीला जाणाऱ्या गाड्या आणि शाखेपासून माझ्या घरापर्यंतचं अंतर असं सगळं मुद्देसूद होतं. समारोपात "सर्वार्थाने तिसगाव योग्य ठरेल" असं लिहिलं. पाठवलं. पडद्यावर "पत्र गेले" असं आलं, आणि मी स्वतःसाठी शिरा केला.

उत्तर आलं नाही.

मी समजून घेतलं. पतसंस्थेत काम असतं. मग दुसरं पत्र लिहिलं, त्यात पहिल्यात राहून गेलेले मुद्दे घातले. उत्तर नाही. तिसरं पत्र नुसतं विचारपूस म्हणून. तेही गप्प. दरम्यान मी स्वयंपाकघराला रंग द्यायला काढला, कारण तिसगाव योग्य ठरलं तर निदान भिंती तरी योग्य असाव्यात. त्यासाठी रजा हवी होती. रजेचा अर्ज मी प्राचार्य हनुमंतसरांना नव्या कॉम्प्युटरवरून मेलनं पाठवला. पाथर्डीहून एक जास्तीची खुर्चीही आणली. तिचं प्लास्टिक काढलं नाही. ज्यांच्यासाठी आहे त्यांनी काढावं, असा विचार होता. मग रोज सकाळी मी माझ्या जुन्या खुर्चीवर बसून चहा घ्यायचो आणि समोर प्लास्टिकमधली खुर्ची बसलेली असायची. तिला काही विचारावं असं दोन-तीनदा मनात आलं.

एकट्या माणसाला उत्तर न येण्याची सवय असते. पण उत्तराची वाट बघण्याची सवय नसते. ती लागली की फार वाईट.

माझा चेहरा बघून सल्ले सुरू झाले. रंगुबाई म्हणाल्या, "मी तवाच सांगितलं हुतं. पित्तरपाट हाय. आवंदा कावळाबी शिवंना तुमच्या पानाला."

"मी पानच ठेवलं नव्हतं, मावशी."

"मंग कशाला शिवंल?"

आप्पासाहेबांचं निदान वेगळं होतं. "लई लिवलं आसंल तुमी. बाईमानसाला लांब कागद दिला की ती वकिलाकडं जाती." त्यांचा सल्ला असा, की रजिस्टर पोस्टानं पाठवावं, पोचपावती घ्यावी, म्हणजे पुढे दाद मागता येते. दाद कुणाकडे मागायची, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी सुशिक्षित मार्ग धरला. मेल चालवणाऱ्या कंपनीकडे तक्रार करायचं ठरवलं. त्यांच्या पानावर एक फॉर्म होता. नाव भरलं, पत्ता भरला, "पत्रांना उत्तर येत नाही" अशी तक्रार भरली आणि बटण दाबलं. लाल अक्षरांत ओळ आली: "कृपया योग्य तारीख द्या." तारीख द्यायची जागा त्या फॉर्मवर कुठेही नव्हती. मी वरून खाली, खालून वर शोधलं. मग मोबाईलवरून त्यांच्या मदत क्रमांकाला फोन केला. बरीच बटणं दाबून झाल्यावर एक मुलगी आली. आवाज असा गोड, की आपण आजारी आहोत असं वाटावं.

"सर, आपल्याकडून पुढची तारीख येते आहे."

"मी पुढचं काही पाठवत नाही. मागचंच विचारतो आहे."

"हो सर. पण सर, आपण आजची तारीख पाठवा ना."

"अहो, आज मी आजचीच पाठवणार. दुसरी आणू कुठून?"

"मी समजू शकते सर. आपल्याला उत्तर न आल्याबद्दल आम्हाला खेद आहे. आणखी काही मदत करू का?"

माझ्या आयुष्यात उत्तर न आल्याबद्दल खेद व्यक्त करणारी ही पहिलीच व्यक्ती. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. तक्रार मात्र नोंदली गेली नाही.

आणि मग घटस्थापनेच्या दिवशी, कॉलेज सुटायच्या बरंच आधी, हनुमंतसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर एक ज्ञापन टाईप करून ठेवलेलं होतं.

"कल्याणसर, मी तुमचा आदर करतो," ते म्हणाले. या वाक्यानंतर कुणी कधी आदर केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. "पण रोज सकाळी मी मेल उघडतो आणि सगळ्यात वर तुम्ही. विभागाचं पत्र आलं, त्याच्या वर तुम्ही. बोर्डाचं आलं, त्याच्या वर तुम्ही. रजा मंजूर केली, तुमचा रंगही देऊन झाला, तरी तुमचा अर्ज रोज वर. एकच अर्ज रोज पाठवून प्राचार्यांवर दबाव आणणं, याला शिस्तभंग म्हणतात."

"सर, मी एकदाच पाठवला."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. खरंच मी सगळ्यात वर होतो. माझ्या नावापुढे दसऱ्याच्याही पुढची तारीख होती. खाली सगळं जग आजच्या तारखेला रांगेत उभं, आणि मी एकटा पुढे जाऊन बसलो होतो.

"दसरा तर यायचाय अजून," हनुमंतसर हळूच म्हणाले. ज्ञापनावर आता कुठली तारीख टाकावी, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसला. मी त्यांना त्याच अवस्थेत सोडून घरी आलो.

स्वस्तिक ओल्या फडक्यानं पुसलं. खाली घड्याळ होतं. दसरा केव्हाच उलटून गेला होता आणि ते कोजागिरीपलीकडे निघालं होतं. पाठवलेल्या पत्रांपुढेही तारखा दिसत होत्या, नाही असं नाही. पण आपल्याच पत्राची तारीख कोण बघतं? मी मजकूर बघत होतो, तोही कौतुकानं.

मग मी ते केलं जे आधी करायला हवं होतं: पत्राच्या आत डोकावलो. प्रत्येक मेलच्या डोक्यावर काही ओळी असतात, एरवी झाकलेल्या. त्यातली एक तारीख-वेळेची. ती पाठवणाऱ्याचं यंत्र स्वतःच लिहितं, आपण पूर्वी पत्राच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचो तशी. पुढे वाटेत जी जी यंत्रं लागतात ती आपापले शिक्के मारत जातात, पोस्टाच्या शिक्क्यासारखे. माझ्या पत्रावरचे वाटेतले सगळे शिक्के बरोबर होते. एकानं तर भारतातली वेळ परदेशातल्या वेळेपासून किती पुढे, तेही नोंदवलं होतं. सगळ्यांना कळत होतं, की हा मनुष्य दसऱ्याचं पत्र पितृपक्षात घेऊन आला आहे. कुणीही मला हटकलं नाही. शिक्का मारला आणि पुढे ढकलला. माणसंही असंच वागतात; त्यात यंत्रांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण पतसंस्थेकडच्या यंत्राला संशय आला असणार. पैशाची जागा आहे. पुढच्या तारखेची पत्रं आणणारा इसम म्हणजे फसव्या, असं धरून त्यानं माझी तिन्ही पत्रं बाजूला टाकली असणार. पुन्हा योग्य तारखेचं पत्र पाठवून उपयोग नव्हता. एकदा नाव खराब झालं की खरं बोलणंही त्याच टोपलीत जातं. आणि दिवस तर घटस्थापनेचा होता. मी मोटारसायकल काढली. दारात रंगुबाई परडीत माती घेऊन उभ्या होत्या. "पुसलं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि मिरीच्या रस्त्याला लागलो.

सोनईला पोचलो तेव्हा पतसंस्थेत गर्दी होती. पंकजाबाई काउंटरच्या काचेमागे. मेळाव्यात बघितल्या होत्या त्यापेक्षा चष्मा नवा. मी रांगेत उभा राहिलो, कारण दुसरी काही रीत सुचली नाही. नंबर आला.

"पासबुक?" त्यांनी न बघता हात पुढे केला. मग बघितलं.

मी काचेच्या भोकातून सगळं सांगितलं. नारळ, स्वस्तिक, हनुमंतसर. त्यांनी मधे काही विचारलं नाही. कॉम्प्युटरकडे वळल्या, थोडं शोधलं आणि म्हणाल्या, "आहेत. संशयित म्हणून ठेवलीत." आणि तिथेच वाचायला लागल्या. पहिलं, दुसरं, तिसरं. मी माझीच पत्रं दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचत उभा. मागच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय, कर्जाचं हाय का?" मी नाही म्हणालो. "मंग येवढा येळ?"

"तिसगावबद्दल चांगलं लिहिलंय," पंकजाबाई म्हणाल्या. "पाण्याचं, गाड्यांचं. तुमच्याबद्दल काही नाही."

"ते गृहीत होतं," मी म्हणालो.

"मला नव्हतं ना." त्यांनी पत्रं बंद केली. "उत्तर आलं नाही म्हणून सकाळी साहेबांना नाशिक सांगितलं. सही झाली."

"बदलता येणार नाही?"

"नाही. यादी गेली." मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला नाशिक चालेल का?"

बघा, वाक्य तेवढंच होतं. मी आलो होतो त्यांना तिसगावला बोलवायला. नाशिकचा विचार मी एकाही खर्ड्यात केला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे एकदम कॉलेज आलं, पेन्शनला राहिलेली वर्षं आली, नुकताच दिलेला स्वयंपाकघराचा रंग आला. हो, रंगसुद्धा आला. माणसाच्या मनात कुठल्या वेळी काय येईल त्याला धरबंध नसतो.

"सांगा की सर," मागचा म्हातारा म्हणाला. त्याला आता कळलं होतं. "त्या कव्हाच्या थांबल्यात."

"विचार करून कळवतो," मी म्हणालो.

पंकजाबाईंनी चष्मा घातला. "कळवा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याला काही उत्तर तरी दिलं असतं. "या बाबा, द्या पासबुक."

मी बाजूला झालो आणि बाकावर बसलो. विचार करायला तिसगावलाच गेलं पाहिजे असं काही नाही, असं मला वाटलं. माणसं येत होती, जात होती. पंकजाबाई नोटा मोजत होत्या, शिक्के मारत होत्या, एका बाईला सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवत होत्या. त्या एकदाही माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि मला एवढ्या माणसांत बसल्याचं कित्येक दिवसांनी बरं वाटत होतं. शेवटचं गिऱ्हाईक गेलं. शिपायानं पंखे बंद केले.

"झाला विचार?" त्यांनी पर्स उचलत विचारलं.

"चालू आहे."

"मग बाहेर बसून करा. शटर ओढायचंय."

मी बाहेर पायरीवर आलो. शटर खाली आलं, कुलूप लागलं. एक मोटारसायकल येऊन थांबली. त्यांचा भाऊ असावा. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जशी ओळखीच्या गिऱ्हाइकाला हलवतात, आणि मागे बसल्या. गाडी चौकात वळली.

"येतो मी नाशिकला," मी म्हणालो. स्पष्ट म्हणालो, वर्गात म्हणतो तितक्या मोठ्यानं.

शेजारच्या टपरीवाल्यानं किटलीवरून मान वर केली. "नाशिकची गाडी हितनं न्हाई सर. आधी राहुरीला जा. तितनं शिर्डी धरा. शिर्डीवरनं मंग लई गाड्या हायेत."

माझी मोटारसायकल समोरच उभी होती. तरी मी त्याला सगळा रस्ता पुन्हा एकदा सांगायला लावला.